साठवण सर्व्हरची पुनर्बांधणी: प्रकल्प नोंदी

३ जून २०२४, सोमवार

पुण्यातल्या एका ग्रंथसंग्रहालयाच्या स्कॅनिंग विभागाचं काम हाती घेतलं. जुनी मासिकं, मोडी कागद, हाताने रंगवलेले काही नकाशे असं सगळं स्कॅन होऊन एका सर्व्हरवर जमा होतं. तक्रार एकच आहे: सर्व्हर फार हळू चालतो. स्कॅनिंग करणाऱ्या ताई म्हणाल्या, "पान उलटायला एक सेकंद लागतो नि फाइल जतन व्हायला दहा."

आधी हिशेब मांडला. ए३ आकाराचं पान, ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), २४ बिट रंग, टिफ या चित्रप्रकारातली आकार न दाबलेली फाइल म्हणजे साधारण ९३ एमबी. तीन स्कॅनर एकदम चालू असले तरी सेकंदाला ३०० एमबीच्या वर मागणी जाणं कठीण. आजच्या साठवणीला हे काहीच नाही. तरीही यंत्र गुदमरतंय, म्हणजे अडचण डिस्कच्या ताकदीत नसून डिस्कपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी असणार.

कार्यकारिणीकडे आधीच एक कोटेशन येऊन पडलंय. पाचव्या पिढीचे एनव्हीएमई ड्राइव्ह (प्रोसेसरला पीसीआय एक्स्प्रेस या जलद वाटेने जोडलेली फ्लॅश साठवण), सेकंदाला १२-१४ जीबी वेगाचे. खोक्यावरचा आकडा खोटा नसतो, पण तो त्या ड्राइव्हचा असतो, आपल्या यंत्राचा नसतो. दोन दिवस थांबा, असं सचिवांना सांगितलं.

४ जून, मंगळवार

जुनं यंत्र उघडलं. बोर्डावर सहा साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा), दोन पांढरे आणि चार निळे. रंगाचा अर्थ पुस्तिकेत मिळाला: पांढरे सेकंदाला ६ गिगाबिटचे, निळे ३ गिगाबिटचे. त्या काळच्या इंटेल चिपसेटमध्ये (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपमध्ये) हीच वाटणी असायची. फिरत्या हार्ड डिस्कला त्याने फारसा फरक पडत नाही, कारण ३ गिगाबिटच्या जोडणीतून ३०० एमबी जातात आणि तबकडीवरून सलग वाचन २५० च्या आसपासच मिळतं.

खरी गोष्ट कर्नलच्या (लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) नोंदींमध्ये सापडली. चार क्रमांकाच्या डिस्कसमोर लिहिलेलं होतं: जोडणी १.५ गिगाबिटवर. डिस्क ६ गिगाबिटची, पोर्ट ३ चा, आणि दोघांचं ठरलं दीडवर!

साटामध्ये हे असं ठरतं. यंत्र चालू झालं की कंट्रोलर (डिस्क चालवणारी चिप) आणि डिस्क आधी ठरावीक अंतराने छोटे स्पंद पाठवून एकमेकांची दखल घेतात. मग डिस्क आपल्या सगळ्यात वरच्या वेगाने खुणेचा संकेत पाठवते. उत्तर आलं नाही की एक पायरी खाली उतरते, तरीही नाही आलं की आणखी खाली. शिवाय काम सुरू असताना चुका वाढू लागल्या की लिनक्स स्वतःहून वेग उतरवतो. माहिती बिघडत नाही, कारण प्रत्येक चौकटीबरोबर सीआरसी (तपासणीचा आकडा) जातो आणि तो जुळला नाही तर आज्ञा पुन्हा दिली जाते. पण वेळ जातोच. आणि सहा डिस्कांचा संच असला की पाच जणी सहावीची वाट बघत बसतात.

डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या स्मार्ट नोंदींमधली १९९ क्रमांकाची ओळ पाहिली. सीआरसी चुकांचा आकडा फुगलेला. खराब सेक्टर मात्र शून्य. म्हणजे तबकडी ठणठणीत, दोष केबलमध्ये. ती केबल खोक्याच्या पत्र्याला काटकोनात घट्ट दुमडून कोंबली होती. नवी लावली, ऐसपैस वळण देऊन. १९९ चा आकडा कधी मागे येत नाही, तो फक्त वाढायचा थांबतो. म्हणून आजचा आकडा टेप लावून डिस्कवरच लिहून ठेवला.

संध्याकाळपर्यंत ताईंचे दहा सेकंद तीनवर आले. साठ-सत्तर रुपयांच्या केबलने हे झालं, हे सचिवांना लगेच कळवलं. सर्व्हर तरीही बदलायचाच आहे, जागा संपत आलीय आणि बोर्ड जुना झालाय. पण आता घाबरून खरेदी करायची गरज नाही.

७ जून, शुक्रवार

कपाटात साटाच्या आधीच्या, आयडीई जोडणीच्या जुन्या डिस्क निघाल्या. पहिल्या स्कॅनिंगच्या वेळच्या, रुंद चपट्या पट्टीच्या केबलसह. चाळीस पिना, पण केबलमध्ये तारा ऐंशी. वाढीव चाळीस तारा निव्वळ जमिनीच्या (ग्राउंडच्या), शेजारच्या तारांचे संकेत एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये घातलेल्या. केबलची लांबी १८ इंचांपेक्षा जास्त चालत नसे आणि वेग १३३ एमबीवर येऊन थांबला.

का थांबला? सोळा तारांवरून सोळा बिट एकाच वेळी निघतात आणि समोर एकाच वेळी पोचावे लागतात. लेझीम पथकात सगळ्यांचा ठोका एकदम पडावा लागतो, तसं. लय वाढवत नेली की कुणीतरी मागे राहतंच. म्हणून उपाय उलटा निघाला: तारा कमी करा आणि प्रत्येकीवर वेग प्रचंड वाढवा. साटाच्या माहितीच्या जोडणीत फक्त सात पिना असतात, तीन जमिनीच्या आणि दोन जोड्या. एक जोडी जायला, एक यायला. जोडीतल्या दोन तारांवर एकच संकेत उलटसुलट जातो, समोरचा फक्त दोघींमधला फरक वाचतो, त्यामुळे बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडून वजा होतो. पुढे पीसीआय एक्स्प्रेस, सॅस, यूएसबी ३ सगळे याच वाटेने गेले.

जुन्या डिस्क वाचून झाल्या, बहुतेक फाइल्स शाबूत आहेत. १९३० च्या दशकातल्या एका मासिकाचे अंक निघाले, त्याची छापील प्रत आता पिवळी पडून तुकडे पडतायत. फार आनंद झाला.

११ जून, मंगळवार

नव्या सर्व्हरसाठी साटा की सॅस यावर बैठक. माझं मत सरळ आहे: डिस्क साटाच्या घ्या, पण कंट्रोलर सॅसचा.

सॅस म्हणजे स्कझी या जुन्या सर्व्हर-जोडणीची आज्ञाभाषा, पण रुंद केबलऐवजी साटासारख्या पातळ जोडणीवरून. सॅस कंट्रोलर साटा डिस्कशी बोलू शकतो, साटा कंट्रोलर सॅस डिस्कशी बोलू शकत नाही. आणि ही मर्यादा प्लास्टिकमध्येच कोरलेली आहे. साटा डिस्कच्या मागे माहितीची आणि विजेची जोडणी यांच्यामध्ये एक खाच असते, सॅस डिस्कवर ती भरून काढलेली असते आणि तिथेच मागच्या बाजूला दुसरा पोर्ट असतो. म्हणून सॅस डिस्क साध्या साटा केबलवर बसतच नाही. चुकीची जोडणी हाताने करूच देऊ नये, ही दूरदृष्टी मला फार आवडते.

सॅस डिस्कचा तो दुसरा पोर्ट मोठ्या ठिकाणी मोलाचा: दोन वेगळे कंट्रोलर एकाच डिस्कला जोडता येतात, एक गेला तरी दुसरा काम चालू ठेवतो. आपल्याकडे सर्व्हर एकच, कंट्रोलर एकच. त्या पोर्टचे पैसे वाया जातील.

कार्ड ठरलं: एलएसआय ९३००-८आय, आठ सॅस मार्ग, प्रत्येकी १२ गिगाबिट. ते पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या आठ लेनवर (लेन म्हणजे जायच्या-यायच्या तारांचा एक पदर) बसतं, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ७.९ जीबी. आठ मार्गांची बेरीज ९.६ होते, म्हणजे कार्डाच्या मागची वाट पुढच्यापेक्षा अरुंद आहे. पण आठ हार्ड डिस्क मिळून २ जीबीच देणार, तेव्हा इथे चिंता नाही. चिंता उष्णतेची आहे. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असतात, साध्या टॉवर खोक्यात त्यांच्यासमोर वेगळा पंखा हवाच. पंखा यादीत घातला.

१४ जून, शुक्रवार

आठ डिस्क आल्या, प्रत्येकी १६ टीबी. चाचणीसाठी एक जुन्या वीजपुरवठ्यावर लावली. ती फिरलीच नाही. आवाज नाही, थरथर नाही. मदतीला आलेला मुलगा म्हणाला, "दादा, मेलेली आलीय." दुसरी लावली, तीही तशीच.

आठही नव्या डिस्क एकदम मरत नाहीत. वीजजोडणीकडे बघायला हवं. साटाच्या विजेच्या जोडणीत पंधरा पिना: पहिल्या तीन ३.३ व्होल्टच्या, मग तीन जमीन, तीन ५ व्होल्ट, पुन्हा तीन जमीन, तीन १२ व्होल्ट. ते ३.३ व्होल्ट बहुतेक डिस्क वापरतच नव्हत्या. म्हणून नंतरच्या साटा प्रमाणात तिसऱ्या पिनेला नवं काम दिलं: तिथे व्होल्टेज आलं की डिस्कने बंद राहायचं. मोठ्या डेटा सेंटरमध्ये अडकलेली एखादी डिस्क दुरूनच बंद करून पुन्हा चालू करता यावी, हा हेतू. तिथे ते फार उपयोगी आहे. पण जुना वीजपुरवठा जुन्या प्रमाणानुसार तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट सतत देत राहतो आणि नवी डिस्क तोच "बंद राहा" असा हुकूम समजते.

कॅप्टॉन या वीजरोधक टेपची पिवळसर पट्टी कापली, चिमट्याने धरून डिस्कच्या पहिल्या तीन पिनांवर चिकटवली, कडा नखाने दाबून घेतली म्हणजे जोडणी सरकवताना टेप गोळा होत नाही. वीज दिली, डिस्क गुणगुणत फिरू लागली. मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता. बाकीच्या त्याच्याकडूनच करून घेतल्या.

हे फक्त चाचणीपुरतं. नव्या खोक्याच्या बॅकप्लेनला (डिस्क ज्यात खोचल्या जातात त्या पाटीला) वीज चार पिनांच्या मोलेक्स या जुन्या जोडणीने मिळते, त्यात ३.३ व्होल्ट नसतातच. मोलेक्सवरून साटा करणारे स्वस्त अडॅप्टर मात्र या कामात वापरायचे नाहीत, विशेषतः ज्यात तारांवर प्लास्टिक ओतून साचा केलेला असतो. आत तारा सरकून एकमेकींना टेकतात आणि ते जळतात.

१९ जून, बुधवार

सर्व्हर सुरू होण्यासाठी एम.२ ड्राइव्हची (बोर्डावर सपाट बसणाऱ्या पट्टीसारख्या ड्राइव्हची) एक जोडी हवी होती. तपकीर गल्लीत गेलो. काउंटरवर दोन ड्राइव्ह समोरासमोर ठेवले: दोन्ही २२८०, म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. एकाला दोन खाचा, दुसऱ्याला एक. किमतीत थोडाच फरक.

दोन खाचांचा तो साटा, एक खाच असलेला एनव्हीएमई. एम.२ हे फक्त आकाराचं आणि जोडणीचं प्रमाण आहे, आत कोणती भाषा बोलली जाते हे त्यावरून ठरत नाही. खाचांवरूनही पूर्ण खात्री धरता येत नाही, कारण दोन लेनवर चालणारे काही एनव्हीएमई ड्राइव्हही दोन खाचांचे येतात. लेबल वाचल्याशिवाय घेऊ नये. शिवाय अनेक बोर्डांवर एम.२ मध्ये साटा ड्राइव्ह बसवला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो, कारण चिपसेटकडे मार्ग तितकेच असतात. आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेत तसं कोष्टक आहे, त्याची प्रत काढून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवली. माझ्यानंतर जो कुणी उघडेल त्याला लागेल.

एनव्हीएमई जोडी घेतली.

२४ जून, सोमवार

आजचा दिवस मोठा. चालू कामासाठीचे दोन यू.२ (२.५ इंची डिस्कच्या आकाराचे) एनव्हीएमई ड्राइव्ह आले, चौथ्या पिढीचे, प्रत्येकाला चार लेन. हे डेटा सेंटरच्या वापरातले आहेत. वीज गेली तर आतले कपॅसिटर तेवढ्या क्षणात हातातलं लिखाण पूर्ण करतात. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कशी जाते ते बघता माझ्या लेखी हा गुण वेगापेक्षा वरचा आहे.

दोन्ही ड्राइव्ह एकाच कार्डावर, कार्ड सोळा लेनच्या स्लॉटमध्ये. बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ मांडणीत) त्या स्लॉटची चार-चार-चार-चार अशी वाटणी करावी लागते, नाहीतर पहिलाच ड्राइव्ह दिसतो. ते करून ठेवलं होतं, दोन्ही दिसले. मग जोडणीची स्थिती वाचली. क्षमता: १६ गिगाट्रान्सफर (प्रत्येक लेनवर सेकंदाला अब्जांत मोजलेले संकेत), चार लेन. प्रत्यक्ष: ८ गिगाट्रान्सफर, चार लेन. पुढे शेरा, वेग उतरवलेला. आणि कर्नलमध्ये दुरुस्त झालेल्या चुकांच्या ओळींवर ओळी.

इथे पीसीआय एक्स्प्रेसची रीत साटाच्या उलट आहे. साटा वरून खाली उतरतो, पीसीआय एक्स्प्रेस खालून वर चढतो. कुठल्याही पिढीचं कार्ड असो, जोडणी आधी पहिल्या पिढीच्या २.५ गिगाट्रान्सफरवर बांधली जाते, मग दोन्ही टोकं आपापली कमाल मर्यादा सांगतात आणि वेग वाढवतात. ८ आणि त्यापुढे चढताना दोन्ही बाजू संकेताला आकार देऊन बघतात, कुठल्या आकारात समोरच्याला नीट वाचता येतं ते एकमेकांना सांगतात. जमलं नाही तर खालच्या पायरीवर थांबतात.

न जमण्याचं कारण तांब्यात आहे. वेग दुप्पट झाला की वारंवारता वाढते आणि तीच तार, तोच बोर्ड संकेताचा जास्त भाग गिळतो. चौथ्या पिढीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८ गिगाहर्ट्झवर २८ डेसिबल घट गृहीत धरलेली आहे. २८ डेसिबल म्हणजे समोर पोचणारा संकेत निघालेल्याच्या पंचविसाव्या भागाइतका. पाचव्या पिढीत १६ गिगाहर्ट्झवर ३६ डेसिबल, म्हणजे त्रेसष्टावा भाग. एवढ्याशा उरलेल्या संकेतातून बिट वेचून काढायचे आणि तेही सेकंदाला अब्जावधी! या लोकांच्या कामापुढे हात जोडावेसे वाटतात. त्यांच्यात आपल्याकडचाही एक माणूस आहे: बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट. यूएसबीचे जनक म्हणून ते सर्वांना माहीत आहेत, पण इंटेलमध्ये पीसीआय एक्स्प्रेसच्या घडणीतही त्यांचा वाटा होता.

आपल्या वाटेत काय होतं? खोक्यात कार्ड आडवं बसावं म्हणून विकणाऱ्याने एक रिबन रायझर (स्लॉट आणि कार्ड जोडणारी चपटी केबल) दिला होता. त्यावर छापलेलं: तिसरी पिढी. म्हणजे रायझर त्याला झेपणाऱ्या वेगानेच काम करत होता. तो काढला, कार्ड थेट स्लॉटमध्ये उभं बसवलं, खोक्याचा एक आडवा पत्रा त्यासाठी काढावा लागला. पुन्हा वाचलं: १६, चार लेन. चुकांच्या ओळी बंद.

खरं सांगायचं तर ८ वरही चाललं असतं. तिसऱ्या पिढीच्या चार लेन म्हणजे ३.९ जीबी, आपल्याला भरपूर. पण चुका दुरुस्त होत होत्या म्हणून त्या सोडून द्यायच्या, हे मला पटत नाही. अशी दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा पाकीट पुन्हा पाठवणं. आणि आज दुरुस्त होणारी चूक उन्हाळ्यात, खोकं तापल्यावर, दुरुस्त होईलच असं नाही.

१ जुलै, सोमवार

दोन्ही पालख्या पुण्यात. रस्ते बंद, नेटवर्क कार्डाचं कुरिअर आलं नाही. स्कॅनिंग विभागालाही सुट्टी.

५ जुलै, शुक्रवार

१० गिगाबिटचं नेटवर्क सुरू. आता वाटेतली सगळ्यात अरुंद जागा हीच: सेकंदाला १.२५ जीबी, प्रत्यक्षात १.१ च्या आसपास. एनव्हीएमई यापेक्षा कितीतरी पुढे आहे. आता पाचव्या पिढीचे ड्राइव्ह का नकोत हे सचिवांना आकड्यांनिशी दाखवता आलं. त्यांनी कोटेशन परत केलं आणि उरलेल्या पैशातून टेप ड्राइव्हला मंजुरी दिली. या प्रकल्पातला माझ्या मते सगळ्यात चांगला निर्णय.

मग एनव्हीएमई हवाच कशाला, असं ग्रंथपाल मॅडमनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. मोठ्या टिफ फाइलींसाठी हार्ड डिस्कांचा संच पुरतो. पण विभागात लघुप्रतिमा तयार होतात, ओसीआर (चित्रातला मजकूर ओळखणं) चालतं, शोधाची अनुक्रमणिका बनते, आणि तिथे लाखो बारीक फाइली एकाच वेळी मागितल्या जातात. साटाची जुनी एएचसीआय पद्धत हार्ड डिस्क डोळ्यासमोर ठेवून बनली: एकच रांग, तिच्यात ३२ आज्ञा. फिरत्या तबकडीला सहसा एकच डोकं-दांडा असतो, तिला तेवढं पुरेसं. फ्लॅश चिपांमध्ये मात्र अनेक भाग एकदम काम करू शकतात. २०११ मध्ये आलेल्या एनव्हीएमईने ६५ हजारांवर रांगा आणि प्रत्येक रांगेत ६४ हजारांपर्यंत आज्ञा अशी सोय ठेवली. प्रत्येक प्रोसेसर कोरला स्वतःची रांग मिळते, एकाच रांगेच्या ताब्यासाठी एकमेकांशी भांडावं लागत नाही. ओसीआरची रात्रभर चालणारी फेरी आता जेवणाच्या सुट्टीआधी संपते.

साटा २००९ मध्ये ६ गिगाबिटवर आला आणि तिथेच राहिला. एनव्हीएमईच्या २०२१ मधल्या २.० आवृत्तीत तर फिरत्या तबकड्यांचीही सोय केलेली आहे. तरी पुढची बरीच वर्षं स्वस्त, मोठ्या साठवणीला साटा पुरेल असं मला वाटतं, कारण तबकडीचा वेग सहसा त्याच्या मर्यादेच्या निम्म्यावरही जात नाही.

१२ जुलै, शुक्रवार

मुंबईच्या एका अभ्यासक मॅडमना ४ टीबीचा संच बाहेरच्या डिस्कवर द्यायचा होता. प्रत उतरवताना वेग ४० एमबी. अशाने २८ तास लागतील. जोडणी वाचली: ४८० मेगाबिट, म्हणजे यूएसबी २. डिस्क ३ ची, पोर्ट ३ चा, केबल टाइप-सी. पण ती मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली होती आणि त्यातल्या बहुतेकांमध्ये वेगाच्या तारा घातलेल्याच नसतात. तोंड सारखं असलं तरी आत मोजक्याच तारा. डिस्कबरोबरची केबल शोधून लावली, ५ गिगाबिटची जोडणी झाली, साडेपाच तासांचं काम उरलं.

विभागातल्या सगळ्या टाइप-सी केबल तपासून चार्जिंगच्या केबलांना लाल टेप लावली.

१८ जुलै, गुरुवार

टेप ड्राइव्ह आला, एलटीओ-८, सॅस जोडणीचा. एका टेपवर १२ टीबी. आपलं ९३००-८आय आतल्या जोडण्यांचं कार्ड आहे, टेप ड्राइव्ह बाहेर बसतो, म्हणून बाहेरच्या पोर्टचं वेगळं कार्ड घेतलं. टेपला स्वतःचं कार्ड देणं असंही बरं: डिस्कच्या संचात काही गडबड होऊन कार्ड रीसेट झालं तर त्याच कार्डावरचा टेपचा प्रवाह मध्येच तुटतो.

टेपला तुटलेला प्रवाह मानवत नाही. हा अर्ध्या उंचीचा ड्राइव्ह सेकंदाला ३०० एमबीपर्यंत लिहितो. मागून माहिती कमी येऊ लागली की तो आधी आपला वेग उतरवतो, त्याहून कमी झाली की थांबतो, फीत मागे घेतो, पुन्हा वेग पकडतो. असं पुढे-मागे होत राहिलं की वेळ जातो आणि फीत व डोकं दोन्ही झिजतात. लघुप्रतिमांच्या लाखो बारीक फाइली थेट हार्ड डिस्कवरून टेपवर पाठवल्या तर हेच होईल. म्हणून क्रम असा ठरवला: वर्षवार फाइलींचा एक मोठा गठ्ठा आधी एनव्हीएमईवर बांधायचा, प्रत्येक फाइलची खूण-बेरीज (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा) काढायची, मग तो गठ्ठा सलग टेपवर.

पहिली चाचणी त्या १९३० च्या दशकातल्या अंकांचीच घेतली. गठ्ठा टेपवर सलग गेला, ड्राइव्ह मध्ये एकदाही थांबला नाही. परत वाचून खूण-बेरजा ताडल्या, सगळ्या जुळल्या. आता उरलंय ते हे: दुसऱ्या टेपची प्रत इमारतीबाहेर कुठे ठेवायची ते ग्रंथपाल मॅडमशी ठरवणं, बाहेरच्या सॅस केबलीची एक राखीव मागवणं, आणि दर महिन्याच्या तपासणीत १९९ चा आकडा, पीसीआय एक्स्प्रेसचा प्रत्यक्ष वेग आणि दुरुस्त चुका या तिन्हींची ओळ घालणं. तपासणीचा तक्ता सोमवारी ताईंना समजावून द्यायचा आहे.